मॅटप्लॉटलिब : प्रतिमांचे चलच्चित्र आणि रंगमर्यादांचे भान

उपग्रहाने टिपलेले ढग, सूक्ष्मदर्शकाखाली विभागणारी पेशी किंवा धातूच्या पत्र्यावर पसरत जाणारी उष्णता यांची नोंद संगणकात आकड्यांच्या सारण्यांच्या रूपाने साठविलेली असते. सारणीतील प्रत्येक आकड्याला एक रंग दिला की प्रतिमा तयार होते आणि अशा प्रतिमा कालक्रमाने एकामागून एक दाखविल्या की त्यांचे चलच्चित्र होते. पायथन या संगणकभाषेत या कामासाठी मॅटप्लॉटलिब या मुक्तस्रोत आलेखन-संग्रहाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग केला जातो.

या संग्रहाचे जनक जॉन हंटर हे अमेरिकन मज्जाजीवशास्त्रज्ञ होते. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतसंकेतांचा अभ्यास करताना त्यांना मॅटलॅबसारखे, परंतु मुक्तपणे वापरता येईल असे आलेखन-साधन हवे होते. त्यातून २००३ मध्ये मॅटप्लॉटलिबची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये हंटर यांचे निधन झाले. पुढील विकास स्वयंसेवकांच्या समूहाने चालू ठेवला. चलच्चित्रांसाठीचा स्वतंत्र विभाग २०११ मधील १.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. तो रायन मे यांनी लिहिला होता.

या विभागात दोन पद्धती उपलब्ध आहेत. पहिली ‘आर्टिस्टॲनिमेशन’. हिच्यात सर्व प्रतिमा आधीच तयार करून त्यांची यादी संगणकाला दिली जाते. दुसरी ‘फंकॲनिमेशन’. हिच्यात ‘इमशो’ या आज्ञेने प्रतिमा एकदाच काढली जाते आणि प्रत्येक चौकटीच्या वेळी ‘सेट_डेटा’ या आज्ञेने तिच्यातील आकडे तेवढे बदलले जातात. दुसऱ्या पद्धतीत स्मृती कमी खर्ची पडते. त्यामुळे चौकटी शेकडो असतील तेव्हा तीच सोयीची ठरते. दोन चौकटींमधील अंतर मिलिसेकंदांत सांगावयाचे असते. ते न सांगितल्यास २०० मिलिसेकंद धरले जाते.

मात्र खरी दक्षता घ्यावी लागते ती रंगांबाबत. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यावयाचा, हे ‘व्हीमिन’ आणि ‘व्हीमॅक्स’ या किमान व कमाल मर्यादांवरून ठरते. त्या दिल्या नाहीत, तर समोर आलेल्या सारणीतील सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडा याच मर्यादा मानल्या जातात. एकट्या प्रतिमेसाठी ही सोय उपयुक्त आहे. चलच्चित्रात मात्र ती दिशाभूल करते.

मे २०२१ मध्ये गोवा व कोकणच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकत १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलेल्या तौक्ते चक्रीवादळाचे उदाहरण घेऊ. इन्सॅट-३डी हा उपग्रह दर अर्ध्या तासाने प्रतिमा टिपत असे, म्हणजे दिवसाला ४८. एका चौकटीला १०० मिलिसेकंद दिल्यास पूर्ण दिवस ४.८ सेकंदांत पाहता येतो. अवरक्त प्रतिमेत ढगांच्या माथ्याचे तापमान दिसते. माथा जितका थंड, तितका ढग सामान्यतः अधिक उंच. समजा, एका प्रतिमेतील सर्वांत थंड बिंदू उणे ६० अंश सेल्सिअस आणि काही तासांनंतरच्या प्रतिमेतील उणे ८० अंश आहे. पहिल्या पद्धतीत प्रत्येक प्रतिमा स्वतःच्या मर्यादा स्वतः ठरविते. त्यामुळे दोन्ही बिंदू एकाच रंगात दिसतील आणि ढगांची वाढती उंची, म्हणजे जी पाहावयाची तीच गोष्ट, नाहीशी होईल. दुसऱ्या पद्धतीत याच्या उलट घडते. तेथे पहिल्या प्रतिमेच्या मर्यादा अखेरपर्यंत कायम राहतात. परिणामी उणे ६० च्या खालील सारे आकडे एकाच रंगात बुडून जातात. आरंभी केवळ शून्यांची सारणी दिली असेल, तर किमान व कमाल मर्यादा एकच ठरून सबंध चलच्चित्र एकरंगी दिसते.

दोन्ही दोषांवर उपाय एकच. संपूर्ण मालिकेतील किमान व कमाल मूल्ये आधी शोधावीत, अथवा विषयाला अनुरूप मर्यादा ठरवाव्यात, आणि त्याच सर्व चौकटींना लागू कराव्यात. रंगश्रेणीची निवडही महत्त्वाची आहे. ‘जेट’ या इंद्रधनुषी श्रेणीत पिवळ्या पट्ट्यापाशी आकड्यांत नसलेल्या सीमारेषा भासतात. म्हणून २०१७ मधील २.० आवृत्तीपासून तिच्या जागी क्रमाने उजळत जाणारी ‘व्हिरिडिस’ ही श्रेणी मूलनिवड म्हणून स्वीकारण्यात आली.

आणखी काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. ‘इमशो’ सारणीची पहिली ओळ वरच्या बाजूस मांडते. अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे नोंदलेले असल्यास नकाशा उलटा दिसतो, तेव्हा ‘ओरिजिन’ बदलावा. तयार झालेले चलच्चित्र एखाद्या चलात जपून ठेवावे, अन्यथा पायथन ते अनावश्यक समजून स्मृतीतून काढून टाकते आणि पडद्यावर पहिलीच चौकट गोठून राहते. ‘ब्लिट’ हा पर्याय वापरल्यास बदललेला भागच पुन्हा रंगविला जाऊन गती वाढते. परंतु आलेखाच्या चौकटीबाहेरील शीर्षक बदलत नाही. त्यासाठी वेळेची नोंद प्रतिमेच्या आत करावी. चित्रफीत जतन करण्यासाठी एफएफएमपेग ही आज्ञावली स्वतंत्रपणे बसवावी लागते. जीआयएफ स्वरूप पिलो या संग्रहाद्वारे मिळते. त्यात एका चौकटीत २५६ रंगांचीच मुभा असते.

मालिकेतील एखादी प्रतिमा उपलब्ध नसेल, तर ती गाळून पुढे जाऊ नये. तेवढ्या वेळेची रिकामी चौकट ठेवावी. तसे न केल्यास त्या क्षणी वादळाने अचानक वेग घेतल्याचा भास होतो. चलच्चित्रासोबत रंगपट्टी, तिचे एकक आणि प्रत्येक चौकटीची वेळ दिलेली असेल, तरच पाहणाऱ्याला रंगांतील बदल हा निसर्गातील बदल आहे की केवळ मापनपट्टीतील, हे पडताळून पाहता येते.