प्रश्न आधी, पद्धत मागाहून

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की एमआयडीसीत मागांचा खडखडाट कानी येतो. चादरी आणि टॉवेल विणणारे हे शहर. समजा गुरुजी, उद्या तुम्हांला कोणी म्हणाले, “इथल्या विणकरांची स्थिती लिहून आणा.” मग काय कराल? कारखान्यांची नोंदवही उतरवून घ्याल, घरोघर जाल, की एकाच घराच्या ओट्यावर महिनाभर बसाल?

समाजाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे हा पेच नेहमीच असतो. आपल्या मुलखात तो कसकसा सुटला, ते पाहू या.

१८२० च्या सुमारास कंपनी सरकारचे डॉक्टर थॉमस कोट्स यांनी पुण्याजवळचे लोणी हे गाव निवडले. राज्य नुकतेच पालटले होते. गाव मुळात असते कसे, हेच जाणायचे होते. म्हणून एकच गाव घेतले आणि घरे, अन्न, वस्त्र, कर्ज असे सारे टिपले. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातील हॅरल्ड मॅन यांचा प्रश्न निराळा होता : जमिनीवर कुटुंबाचे भागते का? त्यांनी पिंपळे सौदागर येथे जमिनीचे तुकडे आणि घरांचा जमाखर्च तपासला. १९१७ साली त्यांचे पुस्तक निघाले. नुसत्या शेतीवर अनेकांचे भागत नाही, हे त्यातून दिसले.

सोलापुरासारख्या शहरात मात्र एका माणसाने सारे पाहणे शक्य नव्हते. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली होती. तिच्यातर्फे रा. गो. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी १९४७ साली, आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहरावरील ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. अशा पाहणीत कुणाला विचारायचे, हे फार महत्त्वाचे. हातमागाच्या घरात मागावर बसतो घरधनी, पण कांड्या भरते घरधनीण, आणि पोरेही हात लावतात. नुसते “विणकर किती?” असे विचारले, तर एकच नाव लागते, बाकीच्यांची मेहनत कागदावर येतच नाही. जे कागदावर येत नाही, ते सरकारी योजनेतही येत नाही. शिवाय इथले कितीतरी पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतात. प्रश्न मराठीतच विचारला, तर उत्तर अर्धेच मिळायचे.

काळाने काय पालटले, हा प्रश्न असेल तर? डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मुद्दाम कोट्सच्याच लोणीकडे वळले. लोणीकंदच्या तेव्हाच्या आणि आताच्या स्थितीची तुलना करणारे त्यांचे पुस्तक १९६० साली आले. दुसरे गाव घेतले असते, तर तुलनेला आधार उरला नसता. त्यांचेच शिष्य एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात मुक्कामालाच राहिले. माणसे सांगतात एक आणि वागतात एक. ते ओळखायला शेजारच व्हावे लागते.

म्हणजे मोजणी मोठी आणि गप्पा हलक्या, असे काही नाही. एमआयडीसीत माग किती, हे मोजून कळेल. कामगाराच्या घरात पैसा कसा पुरतो, ते घरचा हिशेब सांगेल. त्याच्या पोराला मागावर बसायचे आहे की नाही, हे मात्र त्याच्याशी निवांत बोलल्यावाचून कळणार नाही.

तेव्हा गुरुजी, मुलांकडून गावाची माहिती गोळा कराल, तेव्हा कोरे तक्ते लगेच वाटू नका. आधी फळ्यावर एकच ओळ लिहा : आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे? मग कुणाच्या दारात जायचे, ते मुलेच सांगतील.