धुराड्याची ओढ

जबलपुराहून नागपूरकडे जाणारा रस्ता तिलवारा घाटापाशी नर्मदा ओलांडतो. हा सारा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि दक्षिणेतून उत्तरेत जाणाऱ्या मराठी माणसाला नर्मदा ही केवळ नदी नव्हती, ती एक सीमा होती. ती ओलांडली म्हणजे आपण परमुलखात आलो, असे त्याला वाटे. १८६७ साली अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे जबलपूरला पोचली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येऊन तिला मिळाली, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि एडिंबरोचे ड्यूक ह्यांच्या उपस्थितीत जबलपुरास थाटाचा समारंभ झाला. त्या समारंभाची वर्णने इतिहासकारांनी हौसेने केली आहेत. तथापि ज्या शक्तीच्या जोरावर ही गाडी सह्याद्री चढून सातपुड्याच्या कडेने नर्मदेच्या खोऱ्यात आली, त्या शक्तीला आवर कसा घातला गेला, ह्याचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. आज तोच सांगावयाचा आहे.

वाफेच्या इतिहासात आपण नेहमी जोर किती वाढला हे पाहतो. माझ्या मते खरा प्रश्न जोराचा नव्हताच. पाणी उकळून वाफ करणे हे कोणत्याही चुलीला साधते. लागेल तेवढीच वाफ, लागेल त्याच वेळी, आणि ठरलेल्या दाबाने मिळणे, हे मात्र दुर्घट होते. दाब कमी पडला तर यंत्र थांबते. अतोनात वाढला तर बॉयलर फुटतो. ह्या दोहोंच्या मध्ये राहण्याची किल्ली कोळशात जितकी आहे, त्याहून अधिक हवेत आहे.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी पूर्वी स्नानाच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब असे. त्याच्या मधोमध एक नळी, तळाशी जाळी, आणि भोवती पाणी. नळीत ढलप्या आणि कोळसे टाकून पेटविले की तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या जाळीतून ताजी हवा आत ओढली जाते. राखेचे तोंड मोकळे असेल तर बंब फणफणतो. ते राखेने भरले की विस्तव मंदावतो. ह्या ओढण्यालाच इंजिनियर ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आपण त्याला ओढ म्हणू. गिरणीचे उंच धुराडे म्हणजे ह्या नळीचाच वाढलेला आकार. तीस मीटर उंच धुराड्यात तीनशे अंश सेंटिग्रेड उष्णतेचे वायू चढत असले, तर त्यापासून मिळणारी ओढ पाण्याच्या सुमारे पंधरा ते सतरा मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतकी असते. बोटाच्या एका पेराइतकेही ते पाणी भरत नाही. पण तेवढ्या क्षुल्लक फरकावर गिरणीचे शेकडो माग चालत.

धुराड्याच्या वाटेत एक लोखंडी झडप बसविलेली असे. तिला डँपर म्हणत. ती खाली सोडली की ओढ कमी, वर उचलली की जास्त. प्रारंभी हे काम आगवाला हाताने करी. वाफेचा दाब पाहावा, झडप हलवावी, पुन्हा दाब पाहावा. हे काम यंत्राकडूनच करवून घ्यावे, ही कल्पना अठराव्या शतकाच्या अखेरीस मूळ धरू लागली. इंग्लंडातील लीड्स येथील मॅथ्यू मरे ह्याने १७९९ साली वाफेच्या दाबाने डँपर आपोआप हलविण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे थोड्याच वर्षांत बोल्टन आणि वॅट ह्यांच्या बॉयलरवर जी रचना आली, ती इतकी सुबोध आहे की तिचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही.

बॉयलरच्या माथ्यातून एक उभी नळी आत सोडलेली असे. तिचे खालचे तोंड पाण्यात बुडालेले, वरचे तोंड उघडे. बॉयलरातील वाफ पाण्यावर जितकी दाबेल, तितके पाणी ह्या नळीत वर चढे. नळीत एक तरंगता गोळा, त्याला साखळी, साखळी कप्प्यांवरून नेऊन दुसऱ्या टोकाला डँपरची जड झडप टांगलेली. दाब वाढला की पाणी चढले. पाणी चढले की गोळा चढला. गोळा चढला की झडप उतरली आणि आगीची ओढ मंदावली. दाब उतरला की सारे उलट. ना आगवाल्याची आठवण, ना मुकादमाची हाक. पुढे ज्याला स्वयंनियंत्रण असे भारदस्त नाव मिळाले, त्याचा सारा गाभा ह्या साखळीत आहे: जे मोजावयाचे तेच हात होऊन कारणाला आवरते.

सुरक्षा-झडप आणि ही झडप ह्यांत मोठाच भेद आहे, आणि तो लक्षात घेण्याजोगा आहे. सुरक्षा-झडप झालेली जादा वाफ फेकून देते, म्हणजे जळालेला कोळसा व्यर्थ जातो. डँपर ती जादा वाफ होऊच देत नाही. एक दंड आहे, दुसरा संयम आहे.

परंतु ह्या युक्तीला एक मर्यादा होती. दर चौरस इंचास एक पौंड दाबाला नळीतील पाणी सुमारे सव्वादोन फूट चढते. वॅटच्या काळी दाब थोड्याच पौंडांचा असे. तेव्हा दहाबारा फुटांची नळी पुरे. दाब पन्नास पौंडांवर गेला तेव्हा तीच नळी शंभर फुटांहून उंच करावी लागली असती. म्हणून पुढे नळी गेली, आणि तिच्या जागी वजनाने दाबून धरलेला लहानसा दट्ट्या किंवा लवचीक पडदा आला. कल्पना तीच राहिली, अंग बदलले.

आता रुळांवर येऊ. आगगाडीच्या इंजिनावर तीस मीटर उंच धुराडे उभे करता येत नाही. करावे तर पहिल्याच पुलाखाली ते मोडेल. मग चालत्या इंजिनाला ओढ मिळावी कोठून? रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ साली वेल्समध्ये रुळांवर इंजिन चालविले, तेव्हा सिलिंडरमधून बाहेर पडणारी वापरलेली वाफ त्याने धुराड्यातच सोडली, आणि त्यामुळे आग अधिक फुलते हे त्याच्या ध्यानात आले. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे इंजिनांची जी प्रसिद्ध शर्यत झाली, तिच्यात ह्या प्रश्नाची तीन उत्तरे शेजारीशेजारी उभी होती. ‘नॉव्हेल्टी’ इंजिनाने भात्याने हवा फुंकली; त्याची यंत्रणा बिघडून ते बाद झाले. टिमथी हॅकवर्थच्या ‘सान्स पारेल’ची वाफेची फुंकर इतकी जबर होती की न जळलेला कोक धुराड्यातून बाहेर उडू लागला. स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ची फुंकर मवाळ होती, बॉयलरात पंचवीस तांब्याच्या नळ्या होत्या, आणि पाचशे पौंडांचे बक्षीस त्याने नेले.

ही फुंकर, म्हणजेच ब्लास्ट पाइप, कोणी शोधली ह्यावर इंग्लंडात पुढे कित्येक वर्षे वाद चालला. ट्रेव्हिथिकचे, स्टीफन्सनचे, हॅकवर्थचे आणि गर्नीचे कैवारी एकमेकांवर तुटून पडले. मला हा वाद निष्फळ वाटतो. वापरलेली वाफ कोठे तरी सोडावीच लागते. ती धुराड्यात सोडणाऱ्या प्रत्येकाला ती ओढ देणारच. शोध लागला तो तोंडाची रुंदी किती ठेवावी ह्याचा, आणि तो एका माणसाचा नव्हे.

ह्या फुंकरीचे वैशिष्ट्य असे की तिला साखळी, गोळा, कप्पी ह्यांपैकी काहीच लागत नाही. इंजिन जोराने ओढू लागले की सिलिंडरांतून अधिक वाफ बाहेर पडते. अधिक वाफ म्हणजे धुराड्यात अधिक ओढ. अधिक ओढ म्हणजे अधिक आग. अधिक आग म्हणजे पुन्हा अधिक वाफ. गरज आणि पुरवठा एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. धुराड्याच्या पंधरा मिलिमीटरांच्या जागी येथे शंभर मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक ओढ मिळते. अर्थात हे फुकट नाही. फुंकरीचे तोंड जितके अरुंद, तितका उलटा दाब सिलिंडरातील दट्ट्यावर बसतो, आणि ठिणग्या उडून रुळांलगतची गवते व खळी पेटण्याचे भय वेगळेच. विसाव्या शतकात फ्रान्सच्या आंद्रे शापलाँने हे नुकसान कमी करणारी फुंकर रचली. १९३८ साली ताशी १२६ मैलांचा विक्रम करणाऱ्या इंग्लंडच्या ‘मॅलार्ड’ इंजिनावर तीच होती.

मुंबईहून जबलपूरला जाणारी गाडी कसाऱ्याच्या पलीकडे थळ घाट चढे. हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. चढ सदतीस फुटांस एक फूट. पुढे मनमाड, भुसावळ, खंडवा, इटारसी करीत ती नर्मदेच्या खोऱ्यात उतरे. आरंभी जाळण्यासाठी कोळसा विलायतेहून येई. पण ह्याच मार्गावर गाडरवाड्याजवळ मोहपाणी येथे नर्मदा कोल अँड आयर्न कंपनीने १८६२ पासून खाण चालविली होती, आणि १९०४ साली ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने स्वतःकडे घेतली. आपल्याकडील कोळशात राख फार. राख जाळीत साचली म्हणजे फुंकर कितीही जोरकस असो, हवा आत शिरत नाही. मग आगवाल्याने लांब सळईने आग मोकळी करावी, थर पातळ ठेवावा, फावडे थोडथोडे आणि वारंवार टाकावे. ब्लास्ट पाइप आपोआप चालतो हे पुस्तकातले विधान खरे आहे. परंतु त्याच्यापुढे जाळी मोकळी ठेवणारा माणूस घामाने निथळत उभा असे, हेही तितकेच खरे आहे.

ह्या स्वयंचलित व्यवस्थेत आणखी एक भोक होते, आणि ते जीवघेणे होते. ड्रायव्हरने वाफ बंद केली की फुंकर त्याच क्षणी थांबते, आग मात्र थांबत नाही. इंजिन बोगद्यात असले, वरून हवेचा दाब धुराड्यात शिरला, तर ज्वाला मागे फिरून अग्निपेटीच्या दारातून बाहेर पडतात आणि समोर उभ्या असलेल्या माणसांना भाजून काढतात. म्हणून धुराड्याच्या बुडाशी ‘ब्लोअर’ नावाची वेगळी नळी असे. तिच्यातून बॉयलरची ताजी वाफ सोडून ओढ कायम ठेवता येई. रेग्युलेटर बंद करण्यापूर्वी ब्लोअर उघडावा, हा नियम प्रत्येक नवशिक्याला आधी शिकविला जाई. थळ घाटातील बोगद्यांत हा नियम पाळणे किंवा न पाळणे म्हणजे घरी परत जाणे किंवा इस्पितळात जाणे.

गिरण्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली स्थापन केलेली मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी. अशा गिरण्यांत प्रायः लँकेशायर पद्धतीचे बॉयलर असत, आणि डँपरचे स्वयंचलित नियामकही त्या काळी बाजारात मिळत. पण कोळशाच्या आगीला स्मरण असते. दूध वर येऊ लागले म्हणून चुलीतील लाकूड मागे ओढले, तरी निखारे दूध उतू घालवितातच. तसेच येथे. दाब वाढल्यावर झडप उतरली, तरी काही वेळ दाब चढतच राहतो. मग झडप अधिकच उतरते. आणि दाब घसरू लागला की ती उशिरा उघडते. असा झोपाळा सुरू झाला म्हणजे नियामक मदत करण्याऐवजी त्रास देई. नियामक यंत्रे का झुलतात आणि केव्हा स्थिर राहतात, ह्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ साली मांडले. मात्र आगवाले ते गणित न वाचताही जाणत. झडपेला थोडी अटकाव करणारी खुंटी घालून ते काम भागवीत.

बॉयलर फुटण्याचे भय काल्पनिक नव्हते. १८६३ साली कलकत्त्यास भयंकर स्फोट होऊन माणसे दगावली, तेव्हा बंगालमध्ये १८६४ चा तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनी आपापले नियम केले, ते एकमेकांशी जुळेनात. शेवटी १९२३ मध्ये सर्व देशाला एक कायदा मिळाला. तो शतकाहून अधिक काळ टिकला आणि २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

मुंबईकडच्या घाटांतून वाफ तुलनेने लवकर गेली. १९३० पर्यंत पुणे आणि इगतपुरी ह्या दोन्ही ठिकाणांपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि बोगद्यांतील ज्वालांचे भय तेथे संपले. पुढे जबलपूरपर्यंत मात्र वाफच राहिली. मार्च १९३९ मध्ये तिलवारा घाटाजवळ त्रिपुरीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. बावन्नाव्या अधिवेशनाची म्हणून बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणत पडले होते. ह्या आठवणी सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईहून, वऱ्हाडातून, खानदेशातून जे प्रतिनिधी जबलपूर स्टेशनवर उतरले, त्यांना तेथवर ओढून आणणाऱ्या इंजिनांची फुंकर मात्र कोणाच्या आठवणीत नाही. गोंदियाकडून नैनपूरमार्गे येणारी अरुंद गाडी त्यानंतरही कित्येक दशके धावत राहिली. जबलपूरचा तिचा टप्पा २०१५ साली बंद होऊन तेथे रुंद मार्ग आला. तोवर तिच्या इंजिनांतून वाफही गेली होती.

बॉयलर मात्र गेला नाही. नागपूरजवळच्या कोराडीसारख्या वीजकेंद्रांत तो दहाबारा मजल्यांहून उंच झाला आहे. तेथे एक पंखा भट्टीत हवा ढकलतो आणि दुसरा धूर बाहेर ओढतो. वाफेचा दाब मोजणारे उपकरण कोळशाला आणि हवेला एकाच वेळी हुकूम देते. वॅटचा तरंगता गोळा आता विजेच्या तारेत बसला आहे. दुसऱ्या पंख्यावर मात्र वेगळीच जबाबदारी असते. भट्टीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाण्याच्या पाच ते दहा मिलिमीटरांइतका कमी राहील, अशी त्याची गती राखतात. कारण तपासणीचे दार उघडले, तर बाहेरची हवा आत जावी. ज्वाला दारातून बाहेर येऊ नये.