केडगावला पाठवीन हं!

लहानपणी आम्ही भावंडं फार दंगा करायला लागलो की आजी धमकी द्यायची. मुलग्यांना "पोलिसात देईन" आणि आम्हा मुलींना "केडगावला पाठवीन हं!" केडगाव म्हणजे तुरुंगासारखं काहीतरी असावं, अशी माझी समजूत होती. पुढे कळलं की पुण्याहून दौंडकडे जाताना लागणारं ते एक छोटंसं स्टेशन, आणि तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. "तिथे मुलींना बाटवतात," एवढंच आजीला ठाऊक होतं, आणि तेवढंच तिला पुरेसं होतं.

मी तरी काय वेगळं केलं? इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण रमाबाई तीन वाक्यांत उरकल्या. संस्कृत पंडिता, शारदा सदनाची स्थापना, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. चला, पुढचा धडा! निवृत्तीनंतर सावकाश वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं की या तीन वाक्यांत दुष्काळ हा शब्दच नव्हता. आणि तो वगळला तर केडगाव कळतच नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरायचे आणि सगळं कुटुंब त्यांच्याबरोबर. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते, भांडीकुंडीसुद्धा, विकून झालं. अंगमेहनतीचं काम कधी केलेलं नाही आणि भीक मागायची लाज. झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, मग मोठी बहीण. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास एवढेच उरले.

रमाबाईंनी पुढे या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. आई शेवटच्या आजारात, भ्रमात अन्न मागते आहे. रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागायचं आहे, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसत्या डोळ्यांतून धारा. त्या बाईनं ओळखलं आणि बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन रमाबाई आईकडे आल्या, पण आईला खाण्याची ताकदच उरली नव्हती.

त्यानंतर ही दोघं भावंडं पायी हिंदुस्थानभर फिरली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डे खणून त्यात अंग पुरून घेत आणि रात्र काढत. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली. पुढची कथा आपल्याला माहीत असते: 'पंडिता' ही पदवी, लग्न, वैधव्य, इंग्लंडचा प्रवास, १८८३ मधला बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. सदन पुण्याला आलं, आणि १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'नं झोड उठवली. रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येत होत्या. रमाबाईंच्या हातात पैसा नव्हता, पण जुन्या आठवणी स्वस्थ बसू देईनात. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सरकारी अनाथगृहं, मदतीच्या छावण्या पाहत फिरल्या. तिथे त्यांना उपासमारीइतकंच दुसरं एक संकट दिसलं. निराधार पोरी आणि तरुण विधवा यांच्यावर टपलेली माणसं होती. मूठभर धान्याच्या आशेनं पोर कुणाच्याही मागे जायची. रमाबाईंनी अशा मुली गोळा करायला सुरुवात केली आणि सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या.

आणल्या तर खऱ्या, पण ठेवायच्या कुठे? पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर. बाहेरच्या माणसांना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला सदनासाठी घेतलेली शेतजमीन होती. तिथे मांडव आणि झोपड्या उभ्या केल्या आणि मुली उतरवल्या. अंगावर जखमा, केसांत उवा, भाषा निराळी, जाती नाना. हेच पुढे 'मुक्ती सदन' झालं.

याच वर्षातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती सहसा सांगितली जात नाही. प्लेगच्या इस्पितळांत बायकांची जी आबाळ आणि विटंबना होत होती, त्याबद्दल रमाबाईंनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात उघड पत्र लिहिलं. ते प्रकरण थेट विलायतेत गाजलं. गोखल्यांनी तिथे प्लेगच्या बंदोबस्तातल्या अत्याचारांबद्दल आवाज उठवला होता. पुरावा देता येईना म्हणून परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी मात्र आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी सबुरीनं घेतलं नाही, हे आपण ध्यानात ठेवायला हवं.

१८९९-१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला. संवत १९५६ म्हणून तिकडे त्याला 'छप्पनियो' म्हणतात. तेव्हा रमाबाईंनी आपली माणसं गुजरातेत पाठवली आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. मिनी एब्रम्ससारख्या परदेशी मिशनरी बाया मदतीला होत्या, पण मोठा भार इथल्याच बायकांवर होता. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायका चालवत. अंधांसाठी बार्तीमी सदन, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि दुबळ्यांसाठी प्रीती सदन.

आता आजीच्या मुद्द्याकडे येते. मुली बाटल्या का? हो, पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. मुक्ती सदन ही उघड ख्रिस्ती संस्था होती आणि रमाबाईंनी ते कधी लपवलं नाही. पण ज्या पोरीला खायला घालणारं दुसरं कुणी नाही, तिच्या 'स्वखुशी'ला किती अर्थ? हा प्रश्न मलाही पडतो आणि मी तो टाळत नाही. अन्नाबरोबर आलेल्या प्रार्थनेला नाही म्हणणं सोपं नसतं.

पण त्याच काळात दुसरं काय घडलं तेही पाहा. टिळकांनी सार्वजनिक सभेमार्फत शेतकऱ्यांना दुष्काळाच्या कायद्यातले त्यांचे हक्क समजावून सांगितले. ते मोलाचं काम होतं. तिकडे पंजाबात लाला लजपतराय यांनी १८९७ मध्ये हिंदू अनाथ मुलांसाठी चळवळ उभारली आणि मध्य प्रांतातून मुलं आणून आर्यसमाजाच्या अनाथालयांत ठेवली. मिशनरी मुलं नेतात, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. म्हणजे भांडणातून का होईना, आणखी काही पोरं वाचली! आपल्याकडे धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. नुसती निंदा करणाऱ्यांपेक्षा ही माणसं मला फार मोठी वाटतात. रमाबाईंची वाट पटली नाही त्यांनी दुसरी वाट काढावी, पण पोरीपर्यंत पोचणारी काढावी.

शेजारच्या त्या बाईनं भाकरी देताना रमाबाईंना गोत्र विचारलं नसावं. वीस-बावीस वर्षांनी रमाबाई मध्य प्रांतात गेल्या त्या ती भाकरी मनात घेऊनच, असं मला वाटतं. धर्म मधे आला तो नंतर.

आजी जाऊन आता खूप वर्षं झाली. तिला एकदा विचारायला हवं होतं, की त्या तीनशे जणींना केडगावला नेलं नसतं तर त्या कुठे गेल्या असत्या? आजी काहीतरी फटकळ उत्तर देऊन मोकळी झाली असती. पण ती रोज पानातलं शेवटचं शीत वेचून खायची, भूक म्हणजे काय ते तिला पुस्तकातून कळलेलं नव्हतं. कदाचित गप्पही बसली असती.

असो. मुक्ती मिशन आजही चालू आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरात त्या दुष्काळांच्या ऐकीव आठवणी असतील, तर जरूर लिहून ठेवा. आमच्या घरातल्या तर आजीबरोबर गेल्या.