कॅन्सरने गेलेल्या माणसाचे नेत्रदान होते का? बहुतेक वेळा होते

घरातलं माणूस कॅन्सरने गेलं की नेत्रदानाचा विषय निघतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "कॅन्सरवाल्याचे डोळे चालत नाहीत." मग फोन करायचा राहून जातो. पण हा समज चुकीचा आहे. तोंड, स्तन, गर्भाशय, पोट, फुफ्फुस अशा बहुतेक कॅन्सरमध्ये नेत्रदान करता येते.

कारण काय?
बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. ऑपरेशनमध्ये हाच पडदा बदलतात. कॅन्सर अंगात मुख्यतः रक्तातून पसरतो आणि कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. केमो घेतली होती, एवढ्यावरून डोळे बाद होत नाहीत.

कोणाचे चालत नाहीत?
• रक्ताचा कॅन्सर (ल्युकेमिया) किंवा लिम्फोमा
• डोळ्याचाच कॅन्सर
• एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, रेबीज
• रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत तो होऊ शकतो, म्हणून दवाखान्याचे कागद पथकाला दाखवावेत.

चष्मा, मोतीबिंदूचे ऑपरेशन, शुगर, बीपी यांची अडचण नसते.

घरच्यांनी काय करावे?
• मृत्यूनंतर 6 तासांच्या आत डोळे काढावे लागतात. त्यामुळे नेत्रपेढीला किंवा जिल्हा रुग्णालयाला लगेच फोन करा. नंबर आधीच मोबाईलमध्ये ठेवा.
• पापण्या मिटवून वर ओला स्वच्छ कापूस ठेवा. पंखा बंद करा. डोक्याखाली उशी द्या.
• डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा.
• आधी फॉर्म भरला नसला तरी चालते, जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते.

पथक घरी येते. काम 15 ते 20 मिनिटांत होते, चेहरा विद्रूप होत नाही आणि पैसे लागत नाहीत. तपासणीसाठी थोडे रक्त घेतात. कॉर्निया चालेल की नाही, हे त्या तपासणीनंतर नेत्रपेढी ठरवते. नाही चालला, तरी घरच्यांच्या संमतीने शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी उपयोगी पडतो.

उसाचं पातं किंवा भाताचं कुसळ लागून डोळ्यात फूल पडलेली माणसं आपल्याच गावात असतात. एका माणसाच्या दोन डोळ्यांतून अशा दोघांना दिसू शकतं. म्हणून 'चालणार नाही' हे घरीच ठरवू नका. एक फोन करा, बाकीचं नेत्रपेढी बघेल.