बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे गर्भारपण
वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाळी अनेकदा लवकर नियमित होते व अनपेक्षित गर्भ राहू शकतो. वजन स्थिरावेपर्यंत, साधारण १२ ते १८ महिने, गर्भधारणा टाळावी. यातील जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषण घटू शकते, म्हणून तांबी अधिक भरवशाची. गर्भारपणी मधुमेह व रक्तदाबाचा धोका कमी होतो, मात्र बाळ कमी वजनाचे राहण्याचा वाढतो. लोह, ब-१२, फॉलिक आम्ल, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची नियमित तपासणी हवी. मधुमेह तपासण्यासाठी ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीने बायपास झालेल्या स्त्रीला घेरी, जुलाब होऊ शकतात. त्याऐवजी आठवडाभर घरी साखर मोजतात. अशा गर्भवतीची तीव्र पोटदुखी आतड्याच्या अंतर्गत हर्नियाची असू शकते. तिने घरगुती उपायांत वेळ न दवडता ताबडतोब रुग्णालय गाठावे.