अवधानन्यूनता व अतिचंचलता विकार

लक्ष टिकवणे, ऊर्मी आवरणे आणि एका जागी स्थिर बसणे वयाच्या मानाने फार अवघड जाते, असा मेंदूच्या विकासातला विकार. प्रचलित नाव एडीएचडी. जगभरात शंभरातल्या सुमारे ५ मुलांत तो आढळतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. धाक कमी पडला म्हणून तो होत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यात असे मूल 'वांड' ठरते. त्याची वही मात्र वेगळे सांगते: पहिल्या दोन ओळी वळणदार, तिसरी अर्धवट, वजाबाकीच्या जागी बेरीज. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर देऊन मोकळे होते. हाच विकार असलेली, पण गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे नजरेतून सुटते.

निदानासाठी रक्ताची तपासणी वा स्कॅन नाही. डीएसएम-५ (२०१३) या मनोविकार-निदानाच्या निकषांनुसार लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली, किमान ६ महिने टिकलेली आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसलेली हवीत. मराठवाड्यात घोडे इथेच अडते. दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला गेलेले कुटुंब पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, गावी परतते. तोवर कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, राहिलेल्या मुलाबद्दल शाळा काय सांगणार? शिवाय चार-पाच महिने बुडाल्यावर फळ्यावरचे काहीच कळेना, तर कुठलेही मूल चुळबुळ करते. तो एडीएचडी नव्हे. ऐकू कमी येणे, अपुरी झोप, फिट्स, अध्ययन अक्षमता हेही आधी तपासावे लागते. 'अभ्यासात लक्ष नाही' या शेऱ्यावर विषय संपवणे हा मुलावर अन्याय आहे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत हा विकार आहे. या कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा तपासावी आणि संशयित मुलाला पुढे जिल्हा पातळीवर पाठवावे, अशी रचना आहे.

उपचारात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण. मोठ्यांना गरजेनुसार मिथाइलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. वर्गात पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना आणि मध्ये उठायची मुभा यांनी बराच फरक पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.