तीन सेलची बॅटरी

परवा केजच्या बाजारात एका दुकानात मी अर्धा तास नुसता भिंतीकडे बघत उभा होतो. दुकानदार माझ्याकडे आधी आदराने, मग काळजीने आणि शेवटी संशयाने बघू लागला. मी बँकेत कारकून आहे. लोकांना ताटकळत ठेवण्याचा अनुभव दांडगा. पण त्या दिवशी मी फक्त बॅटरी निवडत होतो. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात. केजात विजेरी मागितली, तर दुकानदार शेजारच्या औषधाच्या दुकानात पाठवील.

"साहेब, ही घ्या की. किलोमीटरभर जातोय उजेड."

"किलोमीटरभर लांब माझं कुणी नाही," मी म्हणालो. "माझा पाय इथं असतो."

पाय खरं म्हणजे धाकट्या भावाचा. रात्रीच्या पाळीची वीज आली की त्याला पिकाला पाणी द्यायला जावं लागतं, आणि मण्यारही रात्रपाळीच करते. म्हणून मला लांब जाणारा नव्हे, एकसारखा पसरणारा उजेड हवा होता. मधे काळा डाग नको, कडी नकोत.

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. विज्ञानाशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता, तोही शेजारी बदलून देतात. पण या वस्तूचं खातं मी अगदी सुरुवातीपासून तपासलेलं आहे.

आधी होता कंदील. त्याचा उजेड चारी बाजूंना सारखा, पण जाणार चार पावलं, आणि वाऱ्याशी त्याचं कधीच पटलं नाही. 1886 साली गासनर नावाच्या जर्मन माणसाने कोरडा सेल काढला. 1899 साली डेव्हिड मिसेल या इंग्रजाला अमेरिकेत नळीच्या आकाराच्या दिव्याचं पेटंट मिळालं. कागदी नळी, आत सेल, टोकाला बल्ब आणि मागे पितळेची ओबडधोबड वाटी. न्यूयॉर्कच्या पोलिसांना काही नमुने वाटले गेले. पण कार्बनच्या तारेचा तो बल्ब आणि ते अशक्त सेल. दिवा क्षणभर लागायचा आणि मग त्याला विश्रांती द्यावी लागायची. म्हणूनच इंग्रजीत त्याचं नाव पडलं 'फ्लॅशलाइट', म्हणजे लखकन चमकणारा. महिन्याच्या एक तारखेचा पगार हासुद्धा त्याच जातीचा.

पुढे टंगस्टनची तार आली, सेल सुधारले, आणि उजेड किती लांब जातो याची चढाओढ लागली. वाटी आरशासारखी गुळगुळीत झाली. आरशासारखी म्हणजे, समोर असेल ते इमानदारीने दाखवणारी. तिने बल्बमधली तारच भिंतीवर वेडीवाकडी काढून दाखवली. बॅटरीचं तोंड फिरवून झोत रुंद करावा, तर बल्ब नेमक्या जागेवरून हलायचा आणि मधोमध काळं भोक पडायचं.

आमच्या घरी अशीच तीन सेलची बॅटरी होती. सेल उतरले की आजी ते पापडांच्या शेजारी उन्हात ठेवी. झोतातल्या भोकाचं मात्र कुणाला काही वाटत नसे.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भांडी मांडणीवरून कोसळली, आम्ही अंगणात पळालो. अण्णांनी बॅटरीचं तोंड फिरवून झोत रुंद केला आणि माणसं मोजली. आई, आजी, मी, भाऊ. चारच. पुन्हा मोजली. चारच. धाकटी बहीण नव्हती. अण्णा तिला हाका मारत घरात शिरायला निघाले, तेव्हा समोरूनच आवाज आला, "अण्णा, मी इथं आहे की." ती बरोब्बर झोताच्या मध्यावर, त्या काळ्या भोकात उभी होती.

आम्ही हसलो. मग दिवस उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. त्या पहाटे जवळपास 10,000 माणसं गेली होती. अण्णा त्यानंतर बरेच दिवस हसले नाहीत. बॅटरीचं तोंडही त्यांनी पुन्हा कधी फिरवलं नाही.

योगायोग असा, की त्याच 1993 साली जपानमध्ये शुजी नाकामुरांनी लख्ख निळा एलईडी तयार केला. निळ्या उजेडावर पिवळ्या रसायनाचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. आजच्या बॅटऱ्या त्यावरच चालतात. 2014 साली नाकामुरांना आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. पण डाग तेवढ्याने जात नाही. त्यासाठी वाटी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत करतात. मग उजेड थोडा कमी लांब जातो, पण नीट मिसळून सगळीकडे सारखा पडतो. सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा खडबडीत वाटीवर आलो, या वेळी जाणूनबुजून.

तशी एक सापडली. भिंतीवर झोत टाकला. मधे डाग नाही, कडी नाहीत. दुकानदार हळहळला. "पण साहेब, ही लांब जात नाही."

घरी आल्यावर अण्णांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगणात लावली आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. ओठ हलत होते.

"किती लांब जातो रे उजेड?"

"फाटकापर्यंत."

"पुष्कळ झालं," अण्णा म्हणाले.